श्रीखंडाचे अक्षर आणि आमची पंगत

श्रीखंड कोणाचे, हा वाद आम्हा बडोदेकरांना नवा नाही. मराठी घरात ते गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला होते, गुजराती घरात त्याला तिथीवार लागत नाही, आणि चक्क्याचे फडके दोन्ही घरांत सारखेच टपकत असते. या वादाचा निकाल कधी लागला नाही आणि तो लागावा अशी कोणाची इच्छाही नाही. परंतु ‘श्रीखंड’ याच नावाचा छपाईचा एक टाइप आहे आणि त्याच्या बाबतीत मात्र निकाल लागून गेला आहे. या टाइपात गुजराती लिहिता येते, इंग्रजी लिहिता येते. मराठी लिहिता येत नाही. त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. ज्या पक्वान्नाचे नाव घेतले त्या पक्वान्नाच्या एका यजमानाला पंगतीत पाट मांडलेला नाही, असा हा प्रकार आहे.

एखाद्या टाइपावर वाङ्‌मयीन दिवाळी अंकात लेख कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्राची होते. परंतु ज्या अक्षरांतून हे सारे आपल्यापर्यंत पोहोचते त्यांच्या स्वभावाविषयी आपण क्वचितच बोलतो. अक्षराला स्वभाव असतो. एकच ‘या’ हा शब्द एका अक्षरात आग्रह होतो आणि दुसऱ्या अक्षरात नोटीस होतो. दोन-तीन लिप्यांच्या गजबजाटात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे अधिक कळायला हवे, कारण आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर लिप्यांची रोज तुलना चालू असते.

प्रथम या टाइपाचा परिचय करून देतो. ‘श्रीखंड’ जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटला. ‘पॉपिन्स’ या नावाचा जो टाइप आज जाहिरातींतून आणि मोबाइलच्या पडद्यांवरून सर्वत्र दिसतो, त्यातील रोमन अक्षरे त्यांचीच. त्यातील देवनागरी निनाद काळे यांची. ‘पॉपिन्स’ सडसडीत, कंपासाने काढल्यासारखा, शिस्तीचा. ‘श्रीखंड’ त्याच्या नेमका उलट. अक्षर जाडजूड, अंगाने गुबगुबीत, टोकांना गोल आणि सारेच्या सारे उजवीकडे कललेले. अक्षराच्या पोटातील पोकळी इतकी लहान की शाई जणू आतूनही फुगली आहे. त्याला सरळ उभे रूप नाही, बारीक रूप नाही. एकच वजन आणि एकच कल. गुजरातच्या रस्त्यांवर दुकानांच्या पाट्यांवर, हातगाड्यांवर कुंचल्याने रंगवलेली जी अक्षरे दिसतात, त्यांच्यावरून हा टाइप सुचला. तो विनामूल्य आणि मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, म्हणून लग्नपत्रिकेपासून फरसाणाच्या पुडीपर्यंत कोणालाही वापरता येतो.

जाड आणि गोल अक्षराचे घराणे जुने आहे. त्यातील सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे अमेरिकेतील ‘कूपर ब्लॅक’. शिकागोच्या ओझवाल्ड कूपर यांनी तो रेखाटला आणि तेथीलच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप ओतणाऱ्या कारखान्याने 1922 च्या सुमारास बाजारात आणला. पाठोपाठ त्याचे तिरपे रूपही आले. कूपर हे जाहिरातीची अक्षरे हाताने रेखाटणारे गृहस्थ होते. त्यामुळे त्यांच्या शिशाच्या खिळ्यांतही हाताची ऊब उतरली. सोवळ्या मुद्रकांनी नाके मुरडली, आणि दुकानदारांनी तो डोक्यावर घेतला. 1966 साली ‘बीच बॉइज’ या गायकवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तो झळकला; 1995 साली निघालेल्या ‘ईझीजेट’ या स्वस्त विमान कंपनीने आपले नाव त्याच अक्षरात लिहिले. गाणे आणि विमान यांत साम्य काय? साम्य एवढेच की दोघांनाही गिऱ्हाइकाला सांगायचे होते, ‘घाबरू नका, आत या.’ गोल अक्षराचे मुख्य काम हेच. त्याला कोपरा नाही, म्हणून ते टोचत नाही. त्याला वजन आहे, म्हणून ते दुरून दिसते.

यात कल मिसळला की स्वभाव बदलतो. तिरप्या अक्षराची छपाईतील सुरुवात अगदी गंभीर आहे. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुस यांनी 1501 साली व्हर्जिलची काव्ये छापली ती फ्रांचेस्को ग्रिफो यांनी कोरलेल्या तिरप्या टाइपात. त्या काळच्या विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून तो घेतला होता. तेव्हापासून युरोपात तिरपे अक्षर म्हणजे हाताची गती, चालत्या माणसाचा आवाज. जाड अक्षर मुळात बसकण मारते. त्याला कल दिला की ते उठून चालू लागते. ‘श्रीखंड’चे यश या मिश्रणात आहे. एरवी जाड माणूस आणि लगबग यांचे जमत नाही. येथे मात्र लग्नघरातील एखादे स्थूल काका हातात पंचपात्र घेऊन पंगतीतून झपझप वाढत निघावेत तसे हे अक्षर चालते. त्यात आनंद आहे, आग्रह आहे आणि थोडासा गोंगाटही आहे.

हे अक्षर गुजरातीत इतके सहज का बसले, याचे कारण लिपीच्या इतिहासात आहे. गुजराती लिपी देवनागरीच्याच कुळातील. ग्रंथलेखनासाठी पूर्वी तेथेही देवनागरीच चाले. हिशेबाच्या वह्या आणि पत्रे मात्र शिरोरेघ नसलेल्या भरभर लिपीत लिहिली जात. छपाई आली तेव्हा हीच वह्यांची लिपी पुढे सरसावली. फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत गुजराती खिळे पाडून घेतले आणि 1822 साली ‘मुंबई समाचार’ सुरू केले, जे आजही निघते. म्हणजे आजची गुजराती लिपी ही मुळात घाईच्या हाताची लिपी आहे. तिच्या डोक्यावर आडवी रेघ नाही. प्रत्येक अक्षर आपापल्या पायावर सुटे उभे. त्यामुळे ते कलले तर एकटेच कलते, शेजाऱ्याला ओढत नाही. रोमन अक्षराचेही तसेच. म्हणून ‘श्रीखंड’मध्ये गुजराती आणि इंग्रजी शेजारी शेजारी लिहिली तर एका आईची लेकरे वाटतात. दोन परक्या लिप्यांना एका स्वभावात आणणे हे कठीण काम आहे, आणि ते येथे उत्तम साधले आहे. एरवी बहुतेक ठिकाणी इंग्रजी अक्षर आधी ठरते आणि देशी लिपीला त्याच्या मापाचा सदरा घालतात. येथे देशी पाटीने सूर लावला आणि इंग्रजीने साथ केली. समीक्षक म्हणून मी सर्वांत अधिक गुण याला देतो.

दुसरे गुण स्मरणाला. पाट्या रंगवणारे पेंटर गावोगाव कमी होत गेले. प्लॅस्टिकच्या छापील फलकांनी त्यांचा धंदा बसवला. त्यांच्या हाताचे वळण जपण्याचा खटाटोप ज्यांनी केला त्यांत हनीफ कुरेशी यांचे नाव ठळक. ‘हँडपेंटेडटाइप’ या उपक्रमातून त्यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकावरील टाइप करवले. 2024 साली ते अकाली गेले. अशा कामांमुळे ज्याला आपण ‘बाजारू’ म्हणून हिणवत होतो त्या अक्षरातही विद्या होती, हे आपल्याला उमगले. पेंटरला पाटीची लांबी ठाऊक असे, दुकानदाराच्या नावातील अक्षरे ठाऊक असत, आणि डोळ्याच्या अंदाजाने तो दोहोंचा मेळ घाली. अक्षर जाड का, तर रस्त्यापलीकडून वाचता यावे. तिरपे का, तर कुंचला त्या दिशेला सुखाने वळतो. गोल का, तर भरलेला कुंचला टेकवून उचलला की टोक आपोआप गोल उमटते. म्हणजे शोभा ही सोयीतूनच जन्मली. ‘श्रीखंड’ ही सोय विसरलेला नाही.

आता उणिवा. हा टाइप लहान आकारात अगदी निरुपयोगी आहे. पोटातील पोकळी बुजते आणि ओळ काळ्या मुंग्यांची रांग दिसते. त्यात परिच्छेद लिहू नये. चार शब्द फार झाले. केवळ इंग्रजी मोठ्या लिपीतील अक्षरांत पूर्ण शब्द लिहिला तर अक्षरे एकमेकांवर रेलतात आणि कलाची लय मोडते. शोकपत्र, प्रश्नपत्रिका, सरकारी सूचना यांत त्याला स्थान नाही, हे सांगायला नकोच. आणि गोड पदार्थाचा जो दोष तोच याचाही: अति झाले की मळमळते. गेल्या काही वर्षांत उपाहारगृहांच्या पाट्यांवर, टी-शर्टांवर, ‘देशी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर असली अक्षरे दिसू लागली आहेत. पेंटरच्या पाटीवर जी गरज होती ती शहरी दुकानात नखरा होते. हा दोष टाइपाचा नव्हे, वापरणाऱ्याच्या आळसाचा. पण गुणी टाइपाला तो भोगावा लागतो.

माझ्या मते खरी गंभीर उणीव मात्र आरंभी सांगितली तीच. तिचा परिणाम कोणाच्याही दिवाणखान्यात पाहता येईल. एखादी द्विभाषिक निमंत्रणपत्रिका घ्या. गुजराती नावे ठसठशीत, गोल, हसऱ्या अक्षरांत. इंग्रजी त्याच थाटात. आणि मराठी? संगणकात जे पहिले देवनागरी हाती लागले त्यात, बारीक, ताठ, कोपऱ्यात. वाचायला काही अडत नाही. पण पाहुण्यांपैकी एक जरीकाठी नेसून आला आणि दुसरा शाळेच्या गणवेशात, असा तो देखावा असतो. मोठ्या माणसांना याचे काही वाटत नाही. मुलांना वाटते. मी गेली अनेक वर्षे मराठी माध्यमाच्या वर्गांपुढे उभा राहतो. हस्तलिखिताचे मुखपृष्ठ सजवायला सांगितले की मुले इंग्रजी आणि गुजराती नावे फुगवून, वळवून, रंगवून काढतात, आणि मराठी नाव येताच पट्टी घेऊन शिरोरेघ आखायला बसतात. त्यांच्या मनात मराठी अक्षर म्हणजे पाठ्यपुस्तक. मजेची अक्षरे इतरांची आणि अभ्यासाची अक्षरे आपली, अशी वाटणी झाली, तर भाषेविषयी कितीही भाषणे केली तरी ती मुलांच्या पाठीवरून वाहून जाणार.

यावर कोणी म्हणेल की देवनागरीत गुबगुबीत टाइप आहेत. आहेतच, आणि चांगले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेला ‘मोदक’ पाहावा. श्रीखंडाला जाड म्हणावे तर मोदक गणपतीच्याच पोटाचा. त्यात अक्षराचा जणू एकच फुगीर गोळा आहे आणि आतली पोकळी केसाएवढ्या रेघेने दाखवली आहे. ‘ष’ आणि ‘क्ष’ यांसारखी गुंतागुंतीची अक्षरे इतक्या जाडीत वाचनीय ठेवणे ही मोठी करामत आहे. त्याच मंडळींचा ‘बालू’ हा अस्वलाच्या नावाचा टाइप तर आपल्या द्विभाषिक घरांसाठीच जन्मला असे वाटते. एकाच स्वभावात अनेक भारतीय लिप्या त्यांनी बसवल्या आणि प्रत्येक लिपीत त्या अस्वलाला त्या घरचे नाते दिले: गुजरातीत ‘बालू भाई’, कानडीत ‘बालू तम्मा’, तेलुगूत ‘बालू तम्मुडू’, बंगालीत ‘बालू दा’. बडोदे, बेळगाव आणि हैदराबाद या तिन्ही ठिकाणच्या मराठी माणसाला आपल्या शेजाऱ्याच्या लिपीबरोबर एका पंगतीला बसता येते, याहून सुंदर सोय कोणती? पण मोदक आणि बालू दोघेही ताठ उभे आहेत. त्यांच्यात गोडवा आहे, लगबग नाही. मोदक पानात बसून राहतो. श्रीखंड पळीवरून ओघळते.

मग देवनागरीला कलवत का नाहीत? संगणकात एक कळ दाबली की कलते. सगळे तसेच करतात आणि तेथेच घोटाळा होतो. यंत्र अक्षराला पायथ्याशी धरून माथा उजवीकडे ढकलते. त्यामुळे वरची मात्रा आणि अनुस्वार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि खालचा उकार मागच्या अक्षराच्या पायात अडकतो. काना कलतो, शिरोरेघ आडवीच राहते, आणि त्यांच्यातील काटकोन मोडून शब्द कलंडलेल्या मांडवासारखा दिसतो. शिवाय आपल्या बोरूची जीभ रोमन लेखणीच्या उलट्या अंगाने तिरपी छाटलेली असते. त्यामुळे आपल्या अक्षरातील जाड-बारीकपणाची दिशाच निराळी आहे. यंत्राला हे ठाऊक नाही. ते जाड भागाला भलतीकडे ताणते. म्हणून तिरप्या देवनागरीविषयी जाणत्या मुद्रकांची जी नापसंती आहे ती रास्त आहे. परंतु त्यावरून ‘देवनागरीला कल सोसतच नाही’ असा जो सिद्धांत काढतात, तो मला मान्य नाही. यंत्राने केलेली पुरणपोळी फसली म्हणून पुरणपोळीच नको, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या घरातच याचे उत्तर आहे, आणि ते म्हणजे मोडी. गायकवाडी दफ्तरांत जिचे कागद ढिगाने पडले आहेत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी शाळांतून शिकवली जात होती, ती लिपी घाईच्याच हाताची होती. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरांमागून अक्षरे वळवीत जाई. म्हणजे रेघही होती आणि गतीही होती. वाळत घातलेले धोतर वाऱ्याने कलते, फुगते, हेलकावते. दोरी आडवी ती आडवीच. शिरोरेघेला दोरी मानले की कल हा तिचा शत्रू राहत नाही. दुसरी वाट आमच्या पेंटरांची: त्यांनी पुष्कळदा अक्षर न कलवता सबंध शब्दच चढणीला लावला, शिरोरेघेसकट. नाटकांच्या आणि चित्रपटांच्या जाहिरातींतून हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कमल शेडगे (1935–2020) यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके रेखाटली त्यांत देवनागरी धावली, लाजली, गुरगुरली. तिला शिरोरेघेने कधी अडवले नाही. हाताने जे होत होते ते टाइपात होणार नाही, असे मानण्याला आधार नाही. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या हातरंगाच्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ हा देवनागरी टाइप निघालाच की.

आक्षेप एक उरतो, आणि तो आमच्याच पिढीचा आहे. देवनागरी ही बालबोध, संतवाङ्‌मयाची आणि शास्त्राची लिपी. तिला असा थिल्लर पोशाख कशाला? मला वाटते, यात आदरापेक्षा दुरावा अधिक आहे. देव्हाऱ्यातील समई आणि स्वयंपाकघरातील कढई या दोन्ही पितळेच्याच असतात. ज्या लिपीत अभंग छापले जातात तिच्यातच चिवड्याची पुडी, सर्कशीची जाहिरात आणि वाढदिवसाचे तोरण छापले गेले पाहिजे. जी लिपी केवळ गंभीर प्रसंगी बाहेर निघते ती हळूहळू गंभीर प्रसंगांपुरतीच उरते. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना याची काळजी नसेल. तेथे बसच्या पाटीपासून सारे देवनागरीतच आहे. आपल्याकडे प्रत्येक अक्षराला जागा मागून घ्यावी लागते. आणि जागा मागणारा गिऱ्हाइकाला आवडेल असा असावा लागतो.

तेव्हा ‘श्रीखंड’वर राग धरण्याचे कारण नाही. पिनहॉर्न यांनी गुजरातची पाटी पाहिली आणि गुजरातीचे काम केले. ते प्रामाणिक आणि रसिक काम आहे. मराठीचे काम त्यांच्यावर सोपवलेले नव्हते. मुक्त परवान्यामुळे त्या टाइपाचा अभ्यास करायला, त्याला जोड द्यायला कोणाचीही आडकाठी नाही; नाव बदलावे लागले तर बदलावे, पक्वान्नांच्या नावांचा आपल्याकडे तुटवडा नाही. बडोद्यात 1950 साली स्थापन झालेली ललितकला शाखा आहे आणि मराठी घरांतील मुले कलेचे शिक्षण घेताहेत. त्यांनी मोडीचा एक कागद, पेंटरची एक पाटी आणि ‘श्रीखंड’चा एक नमुना शेजारी शेजारी ठेवून पाहावा. देवनागरीत सारी जोडाक्षरे धरली तर काम शेकडो आकृत्यांचे आहे, एका सुट्टीत होणारे नाही. परंतु आरंभ मुखपृष्ठावरच्या पाच अक्षरांपासून करता येतो. आमच्या शाळेच्या पुढच्या हस्तलिखिताचे नाव लिहिताना मुलांना पट्टी द्यायची नाही, एवढे मी ठरवले आहे. शिरोरेघ त्यांनी हाताने ओढावी. थोडी वाकडी आली तर येऊ द्यावी.